तैपै–शांघाय हवाई मार्ग

तैपै–शांघाय हवाई मार्ग हा तैवानमधील तैपै आणि चीनच्या पूर्व किनाऱ्यावरील शांघाय या दोन महानगरांना जोडणारा प्रवासी व मालवाहतुकीचा हवाई मार्ग आहे. या शहरांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर (सुमारे ३६७ सागरी मैल) आहे. विमान प्रत्यक्ष हवेत साधारण ८० ते ९० मिनिटे असते. वेळापत्रकात मात्र हा प्रवास पावणेदोन ते दोन तासांचा दाखवलेला असतो. इतक्या जवळच्या या शहरांदरम्यान १९४९ नंतर अर्धशतकाहून अधिक काळ एकही नियमित विमान थेट उडू शकले नाही. प्रवाशांना हाँग काँग किंवा मकाओ येथे उतरून पुढे जावे लागे आणि त्यात जवळजवळ अख्खा दिवस मोडत असे. १५ डिसेंबर २००८ रोजी पूर्व चीन समुद्रावरून जाणारा सरळ मार्ग खुला झाल्यावर हा वळसा संपला.

सरळ अंतर

पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी अंतर त्या दोन बिंदूंतून जाणाऱ्या बृहद्वृत्ताच्या कंसावर मोजतात. एरवी हे गणित त्रिकोणमितीच्या सूत्रांनी करावे लागते. पण तैपै आणि शांघाय जवळजवळ एकाच रेखावृत्तावर असल्यामुळे येथे ते शाळकरी विद्यार्थ्यालाही कागदावर करता येते. तैपैचा सोंगशान विमानतळ २५.०७° उत्तर अक्षांश व १२१.५५° पूर्व रेखांशावर आहे, तर शांघायचा होंगछ्याओ विमानतळ ३१.२०° उत्तर अक्षांश व १२१.३४° पूर्व रेखांशावर आहे. दोहोंच्या अक्षांशांत ६.१३ अंशांचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर ६८० किलोमीटरच्या आसपास येते. रेखांशातील फरकामुळे पूर्व-पश्चिम दिशेने जेमतेम २० किलोमीटरचे अंतर पडते आणि पायथागोरसच्या नियमाने बेरीज केली असता त्याचा एकूण अंतरावर नगण्य परिणाम होतो. ताओयुआन आणि पुडोंग या दुसऱ्या जोडीसाठी हेच गणित केल्यास सुमारे ६७६ किलोमीटर हे उत्तर मिळते.

प्रत्यक्षात विमान या रेषेवरून तंतोतंत उडत नाही. धावपट्टीची दिशा, उड्डाणानंतरचे व उतरण्यापूर्वीचे ठरीव मार्ग, लष्करासाठी राखलेले हवाई पट्टे आणि दोन नियंत्रण केंद्रांमधील हस्तांतराचे नेमून दिलेले बिंदू यांमुळे कापलेले अंतर सरळ अंतरापेक्षा नेहमीच काहीसे जास्त भरते. शांघायच्या परिसरातील बराचसा आकाशभाग नागरी वाहतुकीसाठी मोकळा नसल्याने तेथे ही वाढ विशेष जाणवते.

दोन्ही शहरांची प्रमाणवेळ जागतिक समन्वित वेळेपेक्षा ८ तास पुढे आहे. त्यामुळे प्रवाशाला घड्याळ बदलावे लागत नाही आणि तिकिटावरील सुटण्याच्या व पोहोचण्याच्या वेळांमधील फरक हाच प्रवासाचा खरा काळ असतो.

उड्डाणाचा वेळ

जेट विमानाचा समतल उड्डाणातील वेग ताशी सुमारे ८३० ते ९०० किलोमीटर असतो. या वेगाने ६८० किलोमीटर पार करण्यास ५० मिनिटेही पुरावीत. तरीही विमान ८० मिनिटे हवेत असते. लहान पल्ल्याच्या प्रवासात मोठा भाग उंची गाठण्यात आणि ती उतरण्यात जातो, हे याचे मुख्य कारण होय. या दोन्ही टप्प्यांना प्रत्येकी साधारण २० ते २५ मिनिटे लागतात आणि त्या काळात वेग बराच कमी असतो. संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग काढल्यास तो ताशी ५०० किलोमीटरच्या जवळपास येतो.

वेळापत्रकात दाखवलेला वेळ याहून वेगळा असतो. विमान सुटण्याच्या फलाटावरून मागे ढकलले जाते तेव्हापासून ते मुक्कामाच्या फलाटावर थांबते तेव्हापर्यंतचा सगळा काळ त्यात मोजतात. धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाणाची परवानगी मिळेपर्यंत रांगेत थांबणे, उतरल्यावर पुन्हा इमारतीपर्यंत येणे हे सर्व त्यात धरलेले असते. पुडोंगसारख्या अनेक धावपट्ट्यांच्या विस्तीर्ण विमानतळावर केवळ जमिनीवरील या हालचालीतच २०-२५ मिनिटे सहज जातात. एकाच प्रवासाचे ‘८० मिनिटे’ आणि ‘दोन तास’ असे दोन आकडे वेगवेगळ्या ठिकाणी वाचायला मिळतात ते यामुळेच, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

पूर्व आशियावरून हिवाळ्यात वाहणारा पश्चिमी झोतवारा जगातील सर्वांत प्रबळ झोतवाऱ्यांपैकी एक आहे. पूर्व-पश्चिम प्रवासात त्याचा परिणाम मोठा असतो. तैपैहून टोकियोला जाताना लागतो त्यापेक्षा परत येताना बराच जास्त वेळ लागतो. तैपै–शांघाय मार्ग मात्र दक्षिणोत्तर असल्यामुळे हा वारा विमानाला बाजूने लागतो. हवेच्या संदर्भात ताशी ८३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला ताशी १५० किलोमीटरचा वारा काटकोनात लागला, तर सरळ रेषेत राहण्यासाठी विमानाला नाक थोडे वाऱ्याकडे वळवावे लागते आणि त्याचा जमिनीवरील वेग ताशी सुमारे ८१६ किलोमीटर होतो. ६८० किलोमीटरच्या पल्ल्यात त्यामुळे एक मिनिटही वाढत नाही. हाच वारा समोरून असता तर वेग ताशी ६८० किलोमीटरवर येऊन तेवढ्याच पल्ल्याला तासभर लागला असता आणि पाठीमागून असता तर सुमारे ४२ मिनिटे. जाताना आणि येताना जवळजवळ सारखाच वेळ लागणे हे या मार्गाचे वैशिष्ट्य या भूमितीतून आलेले आहे.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, तैवानवरील जपानची ५० वर्षांची सत्ता संपली आणि बेटाचा कारभार च्यांग कै-शेक यांच्या राष्ट्रवादी सरकारकडे आला. त्यानंतरची चार वर्षे शांघाय आणि तैपै यांच्यामध्ये विमाने व आगबोटी नियमित ये-जा करीत. यादवी युद्धाच्या शेवटी हा मार्ग निर्वासितांचा झाला. २७ जानेवारी १९४९ च्या रात्री शांघायहून तैवानच्या कीलुंग बंदराकडे निघालेली ‘थायफिंग’ ही प्रवाशांनी खचाखच भरलेली आगबोट चौशान द्वीपसमूहाजवळ एका मालवाहू जहाजावर आदळून बुडाली आणि १,५०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. मे १९४९ मध्ये शांघाय साम्यवादी सैन्याच्या हाती पडले. वर्षअखेरीस राष्ट्रवादी सरकार तैपैला हलले आणि सामुद्रधुनीच्या दोन किनाऱ्यांमधील टपाल, व्यापार व वाहतूक बंद झाली.

या फाळणीने अनेक कुटुंबे दुभंगली. च्यांग यांच्याबरोबर तैवानला गेलेल्या सैनिकांपैकी अनेकांचे आईवडील, पत्नी आणि मुले मागे राहिली होती. हा विरह काही महिन्यांचा असेल असे तेव्हा मानले गेले. प्रत्यक्षात तो ३८ वर्षे टिकला.

चीनने १ जानेवारी १९७९ रोजी टपाल, वाहतूक व व्यापार हे ‘तीन दुवे’ पुन्हा जोडण्याचा प्रस्ताव मांडला. तैवानचे अध्यक्ष च्यांग चिंग-क्वो यांनी त्याला ‘संपर्क नाही, वाटाघाट नाही, तडजोड नाही’ असे उत्तर दिले. या भूमिकेला पहिला तडा एका विमानामुळे गेला. ३ मे १९८६ रोजी चायना एअरलाइन्स या तैवानी कंपनीचे बोइंग ७४७ मालवाहू विमान बँकॉकहून हाँग काँगकडे येत असताना त्याच्या वैमानिकाने ते चीनमधील क्वांगचौ येथे उतरवले. विमान आणि इतर दोन कर्मचारी परत मिळवण्यासाठी तैवानला त्याच महिन्यात हाँग काँगमध्ये चीनच्या विमान वाहतूक अधिकाऱ्यांशी बोलावे लागले. ही चर्चा दोन विमानसंस्थांमधील आहे, असे दोन्ही बाजूंनी सांगितले.

पुढील वर्षी, १५ जुलै १९८७ रोजी, तैवानमधील लष्करी कायदा उठवण्यात आला आणि नोव्हेंबरपासून नागरिकांना नातलगांच्या भेटीसाठी चीनमध्ये जाण्याची परवानगी मिळाली. अर्ज रेडक्रॉसकडे करायचे होते. वृद्ध सैनिकांनी त्यासाठी मोठी गर्दी केली.

हाँग काँग आणि मकाओमार्गे प्रवास

परवानगी मिळाली तरी थेट विमान नव्हतेच. तैपैचा प्रवासी प्रथम सुमारे ८०० किलोमीटर नैर्ऋत्येला हाँग काँगला जाई, तेथे विमान बदली आणि मग सुमारे १,२५० किलोमीटर ईशान्येला शांघायकडे निघे. एकूण अंतर २,००० किलोमीटरच्या वर, म्हणजे सरळ अंतराच्या तिप्पट होई. दोन उड्डाणांचे मिळून चार तास आणि विमान बदलण्यातील दोन तास धरले, तर सहा तासांखाली हा प्रवास होत नसे. सोयीची जोडणी न मिळाल्यास त्याहून अधिक वेळ लागे.

हाँग काँगला या अडचणीचा मोठा फायदा झाला. तैपै–हाँग काँग हा जगातील सर्वाधिक वर्दळीच्या हवाई मार्गांपैकी एक बनला आणि त्यातील बराच मोठा हिस्सा पुढे चीनमध्ये जाणाऱ्या प्रवाशांचा होता. डिसेंबर १९९५ मध्ये मकाओच्या नव्या विमानतळावरून एअर मकाओने याच गरजेवर आधारलेली सेवा सुरू केली. तिचे विमान तैपैहून मकाओला येई, तेथे त्याचा उड्डाण क्रमांक बदले आणि तेच विमान पुढे शांघाय किंवा बीजिंगला जाई. कागदोपत्री हे दोन वेगळे प्रवास होते. समुद्रावरही असेच चाले. तैवान व चीनमधील जहाजे वाटेत जपानच्या इशिगाकी बेटाजवळ थांबून कागदपत्रांवर तिसऱ्या देशाची नोंद करून घेत आणि मग पुढे जात.

थेट उड्डाणाला तैवानचा मुख्य आक्षेप संरक्षणाचा होता. सामुद्रधुनीच्या मधोमध १९५० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाचे अधिकारी बेंजामिन डेव्हिस यांनी आखलेली मध्यरेषा हीच व्यवहारात दोन्ही सैन्यांमधील सीमा मानली जाई. प्रवासी विमाने सरळ ये-जा करू लागली, तर रडारवरील ठिपका प्रवासी विमानाचा की लढाऊ विमानाचा, हे ठरवण्यास मिळणारी काही मिनिटेही हातून जातील, अशी तैवानच्या संरक्षण खात्याला भीती होती. दुसरा प्रश्न नामकरणाचा होता. थेट मार्ग ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणावा तर ते चीनला अमान्य, ‘देशांतर्गत’ म्हणावा तर तैवानला अमान्य. हाँग काँगचा वळसा ही दोन्ही प्रश्नांवरची सोय होती, तिचा खर्च मात्र प्रवाशांनी भरला.

विशेष उड्डाणे

१९९० च्या दशकात तैवानी उद्योजकांनी यांगत्से नदीच्या मुखाजवळील प्रदेशात मोठी गुंतवणूक केली. शांघायच्या पश्चिमेस असलेल्या खुनशान येथे संगणक व सुट्या भागांचे इतके तैवानी कारखाने उभे राहिले की त्या गावाला ‘छोटे तैपै’ म्हटले जाऊ लागले. चांद्र नववर्षाला घरी परतणाऱ्या या उद्योजकांची व त्यांच्या कुटुंबीयांची हाँग काँगमध्ये दरवर्षी कोंडी होई. त्यांच्या मागणीमुळे २००३ मध्ये पहिली विशेष (चार्टर) उड्डाणे मान्य झाली.

२६ जानेवारी २००३ रोजी चायना एअरलाइन्सचे बोइंग ७४७-४०० तैपैहून निघाले, हाँग काँगला उतरले आणि तेथून शांघायच्या पुडोंग विमानतळावर पोहोचले. १९४९ नंतर चीनच्या भूमीवर परवानगीने उतरलेले ते पहिले तैवानी प्रवासी विमान होते. त्या वर्षी ही परवानगी केवळ तैवानी कंपन्यांना होती आणि हाँग काँग किंवा मकाओला उतरण्याची अट कायम होती. प्रवाशाला विमान बदलावे लागत नव्हते, एवढाच बदल झाला होता.

२००४ मध्ये ही उड्डाणे झाली नाहीत. २९ जानेवारी २००५ पासून दोन्ही बाजूंच्या कंपन्यांना परवानगी मिळाली आणि वाटेत उतरण्याची अट गेली. त्या दिवशी क्वांगचौहून आलेले चायना सदर्नचे विमान तैपैला उतरले. चीनच्या कंपनीचे तैवानमध्ये परवानगीने आलेले ते पहिले विमान होय. तरीही विमानांना हाँग काँगच्या हवाई हद्दीला स्पर्श करूनच पुढे जावे लागे. तैपैहून निघालेले विमान आधी नैर्ऋत्येला समुद्रावर जाई, हाँग काँगच्या नियंत्रकांच्या ताब्यात येई, मग उत्तरेकडे वळून चीनच्या भूभागावरून शांघायला पोहोचे. त्यामुळे सरळ अंतरात सुमारे हजार ते अकराशे किलोमीटरची भर पडे आणि हवेतील वेळ सव्वादोन ते अडीच तासांवर जाई. २००६ मध्ये उद्योजकांव्यतिरिक्त इतर तैवानी रहिवाशांनाही या उड्डाणांची मुभा मिळाली.

मे २००८ मध्ये मा यिंग-च्यू तैवानचे अध्यक्ष झाल्यावर चर्चेला वेग आला. दोन्ही सरकारे एकमेकांना मान्यता देत नसल्याने करारांवर सह्या निमसरकारी संस्थांनी केल्या: तैवानच्या बाजूने सामुद्रधुनी विनिमय प्रतिष्ठान आणि चीनच्या बाजूने तैवान सामुद्रधुनीपार संबंध संघटना. १३ जून २००८ रोजी बीजिंगमध्ये झालेल्या करारानुसार ४ जुलैपासून शुक्रवार ते सोमवार विशेष उड्डाणे सुरू झाली. ती सर्वांसाठी खुली होती, पण हाँग काँगचा वळसा तेव्हाही सुटला नव्हता.

थेट मार्ग

४ नोव्हेंबर २००८ रोजी तैपैमध्ये दुसरा करार झाला आणि १५ डिसेंबर २००८ रोजी पूर्व चीन समुद्रावरील मार्ग खुला झाला. त्याच दिवशी थेट जहाजवाहतूक आणि थेट टपालसेवाही सुरू झाल्या. ‘तीन दुव्यां’चा प्रस्ताव मांडल्याला तोपर्यंत जवळजवळ ३० वर्षे झाली होती.

नव्या मार्गामुळे तैपै–शांघाय प्रवासातील सुमारे ११०० किलोमीटर आणि तासाभराहून थोडा अधिक वेळ वाचला. ए३३० सारखे रुंद विमान तासाला साधारण पाच ते सहा टन इंधन जाळते, हे लक्षात घेतल्यास प्रत्येक फेरीतील बचतीची कल्पना येते. नकाशावर पाहता हा मार्ग तैवान सामुद्रधुनीतून जातच नाही. तो बेटाच्या उत्तर टोकावरून निघून सामुद्रधुनीच्या ईशान्येला असलेल्या खुल्या समुद्रावरून जातो. मध्यरेषेच्या सर्वांत संवेदनशील भागाला त्यामुळे बगल मिळाली आणि संरक्षण खात्याचा आक्षेप सौम्य झाला.

प्रवाशांना न दिसणारा एक बदल नियंत्रण कक्षांत झाला. पूर्वी तैपैचे नियंत्रक विमान हाँग काँगच्या हवाली करीत आणि हाँग काँग ते पुढे चीनच्या केंद्राकडे सोपवी. १५ डिसेंबरपासून तैपै व शांघाय ही केंद्रे ठरलेल्या बिंदूवर विमान एकमेकांकडे थेट सोपवू लागली. दोन बाजूंच्या अधिकाऱ्यांनी रोज, दर काही मिनिटांनी एकमेकांशी बोलावे अशी ही पहिलीच व्यवस्था होती.

२६ एप्रिल २००९ रोजी नानचिंग येथे झालेल्या करारानंतर ३१ ऑगस्ट २००९ पासून विशेष उड्डाणांची जागा नियमित सेवेने घेतली. १४ जून २०१० रोजी, शांघायमध्ये जागतिक प्रदर्शन सुरू असताना, सोंगशान–होंगछ्याओ ही शहरातील जुन्या विमानतळांना जोडणारी सेवा सुरू झाली. हाँग काँगमार्गे चीनमध्ये जाणाऱ्या तैवानी प्रवाशांची संख्या घटली आणि एअर मकाओच्या जोड-प्रवासाचे प्रयोजनच उरले नाही. तैपै–हाँग काँग मार्ग मात्र स्वतःच्या बळावर जगातील गजबजलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गांमध्ये टिकून राहिला.

विमानतळ

दोन्ही शहरांना प्रत्येकी दोन मोठे विमानतळ आहेत आणि दारापासून दारापर्यंतचा वेळ कोणती जोडी निवडली यावर बराच अवलंबून असतो. ताओयुआन आंतरराष्ट्रीय विमानतळ १९७९ मध्ये सुरू झाला. २००६ पर्यंत त्याला च्यांग कै-शेक यांचे नाव होते. तो तैपैच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवर असून २०१७ पासून मेट्रोच्या जलद गाडीने मध्यवर्ती स्थानकापर्यंत ३५ ते ४० मिनिटे लागतात. पुडोंग विमानतळ १९९९ मध्ये समुद्रकिनाऱ्यालगत उभारण्यात आला आणि शहराच्या मध्यापासून तो सुमारे ३० किलोमीटर दूर आहे. तेथून निघणारी चुंबकीय गाडी ३० किलोमीटर अंतर सुमारे आठ मिनिटांत कापते. पण ती शहराच्या मध्यापर्यंत जात नाही, त्यामुळे प्रवाशांना पुढे मेट्रो घ्यावी लागते.

सोंगशान विमानतळ १९३६ मध्ये, जपानी अमदानीत सुरू झाला. आज तो तैपैच्या ऐन वस्तीत आहे. होंगछ्याओ शांघायच्या पश्चिम भागात, शहराच्या मध्यापासून सुमारे १३ किलोमीटरवर आहे. ताओयुआन–पुडोंग आणि सोंगशान–होंगछ्याओ यांच्या हवेतील वेळेत उल्लेखनीय फरक नाही. जमिनीवरील प्रवासात मात्र दुसऱ्या जोडीमुळे दोन्ही टोकांचे मिळून तासाभरापर्यंत वाचू शकते. साहजिकच कामानिमित्त सकाळी जाऊन रात्री परतणारे लोक हीच जोडी पसंत करतात आणि तिचे भाडे सहसा अधिक असते.

विमान कंपन्या आणि प्रवासी

तैवानच्या बाजूने चायना एअरलाइन्स व इव्हा एअर, तर चीनच्या बाजूने चायना ईस्टर्न, शांघाय एअरलाइन्स, एअर चायना, जुनयाओ आणि स्प्रिंग या कंपन्यांनी या मार्गावर सेवा दिली आहे. चायना एअरलाइन्स ही तैवानची आणि एअर चायना ही बीजिंगची कंपनी आहे, हे ठाऊक नसल्यामुळे नवख्या प्रवाशांचा अनेकदा गोंधळ होतो. फेऱ्यांची संख्या दोन्ही बाजूंच्या सहमतीने ठरत असल्याने ती मागणीप्रमाणे वाढवता येत नाही. म्हणून इतक्या कमी पल्ल्यावर एरवी लांबच्या प्रवासासाठी वापरली जाणारी एअरबस ए३३० आणि बोइंग ७७७ यांसारखी विमाने दिसतात. त्यांच्या पोटातून इलेक्ट्रॉनिक वस्तूंची मालवाहतूकही होते.

हा मार्ग ‘आंतरराष्ट्रीय’ किंवा ‘देशांतर्गत’ यांपैकी कोणत्याही नावाने ओळखला जात नाही. त्याला ‘दोन किनाऱ्यांमधील’ मार्ग म्हणतात. तैवानी प्रवासी चीनमध्ये पारपत्रावर व्हिसा घेऊन जात नाहीत. चीनने दिलेल्या स्वतंत्र प्रवासपरवान्यावर जातात. चिनी पर्यटकांचे गट जुलै २००८ पासून तैवानला येऊ लागले. जून २०११ मध्ये बीजिंग, शांघाय व शियामेन येथील रहिवाशांना एकट्याने पर्यटनास येण्याची परवानगी मिळाली. संबंध बिघडल्यानंतर १ ऑगस्ट २०१९ पासून चीनने ती स्थगित केली.

हवाई हद्दीचे प्रश्न

थेट मार्ग खुला झाला तरी आकाशाचा वाद मिटलेला नाही. चीनने जानेवारी २०१५ मध्ये सामुद्रधुनीच्या मध्यरेषेला जवळजवळ समांतर जाणारा एम५०३ हा मार्ग जाहीर केला. त्याचा सर्वांत जवळचा बिंदू मध्यरेषेपासून ८ किलोमीटरहूनही कमी अंतरावर होता. तैवानच्या हरकतीनंतर तो ६ सागरी मैल पश्चिमेकडे सरकवून २९ मार्च २०१५ पासून केवळ दक्षिणेकडील वाहतुकीसाठी वापरात आला. ४ जानेवारी २०१८ रोजी चीनने तैवानशी चर्चा न करता उत्तरेकडील वाहतूकही सुरू केली. उत्तरादाखल तैवानने चांद्र नववर्षासाठी चायना ईस्टर्न व शियामेन एअरलाइन्स यांनी मागितलेल्या १७६ जादा फेऱ्यांना परवानगी नाकारली. एम५०३ हा तैपै–शांघाय मार्ग नव्हे. पण त्यावरील वादाची झळ घरी परतू पाहणाऱ्या तैवानी लोकांना बसली. १ फेब्रुवारी २०२४ पासून चीनने ६ सागरी मैलांची ती सवलतही रद्द केली.

कोविड-१९ च्या साथीत, फेब्रुवारी २०२० पासून, तैवानने चीनमधील केवळ पाच विमानतळांशी हवाई संपर्क ठेवला. त्यांपैकी दोन शांघायचे होते. सोंगशानहून होणारी सेवा मात्र थांबली आणि ती २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. दरम्यान ऑगस्ट २०२२ मध्ये तैवानभोवती झालेल्या चिनी लष्करी कवायतींमुळे अनेक विमानांना मार्ग बदलावे लागले. एप्रिल २०२३ मध्ये चीनने अग्निबाणाचे अवशेष पडण्याच्या शक्यतेमुळे तैवानच्या उत्तरेकडील हवाई क्षेत्र तीन दिवस बंद राहील, असे कळवले. हे क्षेत्र ईशान्य आशियाकडे जाणाऱ्या वर्दळीच्या मार्गांवर होते. तैवानने आक्षेप घेतल्यावर ही मुदत कमी करण्यात आली आणि १६ एप्रिल रोजी सकाळी ते क्षेत्र २७ मिनिटांसाठी बंद ठेवण्यात आले.